ब्रेकची नळी आणि लिंबू

“मी गळतेय म्हणून घसा फोडला, पण एकालाही खरं वाटलं नाही!” असं ब्रेकची नळी अजून सांगते.

तेव्हा नवे ट्रक आले नि जुने स्वस्त झाले. भिकोबानं एक जुना घेतला, रंगवला आणि दर शनिवारी बंपरला ताजं लिंबू बांधू लागला.

“अरे, तेल ठिबकतंय, घाटात मरू सगळे!” नळी कळवळायची.

“गप गं भवाने! पुढं लिंबू आहे ना राखायला?” हॉर्न खेकसायचा.

एकदा भिकोबा बायको-लेकरं घेऊन घाट उतरत होता. ब्रेक तळापर्यंत दाबला, तरी चाकं थांबेनात. लेकरं आईला घट्ट बिलगली. शेवटी ट्रक मातीच्या ढिगात रुतला, म्हणून वाचले.

भिकोबा उतरला. खाली वाकून बघितलंन का? छे! बंपरकडे बोट दाखवून ओरडला, “ह्या शनिवारी बदलायचं राहिलं, ह्यानंच घात केला! हे सुकलेलं लिंबू!”