किरकोळ पितळ

एकदा एक तरुण जकात-परीक्षक आपल्या पहिल्याच सावजावर भलताच खूश झाला होता. परदेशातून बंदरावर उतरलेल्या मालाची वर्गवारी करणे, म्हणजे प्रत्येक वस्तू कायद्यातल्या नेमक्या शीर्षकाखाली बसवणे, हे त्याचे काम. जसे शीर्षक, तसा कर. ही विद्या तो एका वृद्ध परीक्षकांकडून शिकत होता. गुरुजी कधीचेच निवृत्त झालेले. पण कचेरीचे कुठे अडले की त्यांना बोलावणे जाई, आणि नाही अडले तरी ते चहाला येत.

त्या सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उघडला होता. हा व्यापारी यंत्रे फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी बनवी. कागदावर त्याने लिहिले होते, 'विद्युतरोधक जोडभाग'. म्हणजे मोटारीच्या अंगाला वीज लागू नये म्हणून आत बसवायचे बॅकेलाइटचे, म्हणजे एका कडक प्लास्टिकचे, काळे ठोकळे. शिष्याने एक ठोकळा करवतीने कापून पाहिला, तर आत पिवळेधमक पितळ चमकले. चोर सापडला, असे त्याच्या मनाने घेतले.

"साहेब, तो नुसता नट आहे," व्यापारी म्हणाला. "ठोकळा मोटारीला आवळायचा तर स्क्रू कशात फिरवायचा? बॅकेलाइटमध्ये आटे टिकत नाहीत. अगदी किरकोळ बाब आहे."

'किरकोळ' हा शब्द शिष्याला झोंबला. नियम त्याला तोंडपाठ होता. असा जोडभाग संपूर्णपणे रोधक पदार्थाचाच हवा, केवळ जोडणीपुरता किरकोळ धातू तेवढा चालेल. त्याने नट काढून तराजूत घातला. पितळच ते, दिसायला एवढेसे, पण उरलेल्या ठोकळ्याहून जड भरले. निम्म्याहून अधिक वजन ज्याचे, ते किरकोळ कसे? त्याने मोठ्या समाधानाने शेरा लिहायला घेतला, 'रोधकाच्या नावाखाली धातूच्या वस्तू आणल्या. हेतुपुरस्सर लबाडी.'

त्या शेऱ्याचा अर्थ व्यापाऱ्याला पुरता ठाऊक होता. एकदा हा शिक्का बसला की पुढे त्याच्या नावाचा प्रत्येक खोका फोडला जाणार, माल धक्क्यावर पडून राहणार, कारखाना थंडावणार. शिवाय चारचौघांत नाव जायचे ते जाणारच. "कर वाढवायचा तर वाढवा साहेब," तो हात जोडून म्हणाला, "पण तो शब्द नका लिहू. वडिलांपासून या धक्क्यावर आमचं नाव आहे." शिष्याने मान वर केली नाही. मान वर केली तर आपण विरघळू, अशी त्याला धास्ती होती.

तेवढ्यात गुरुजी आले. शिष्याने तिखटमीठ लावून सगळी हकीकत सांगितली आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिला. गुरुजींनी ठोकळ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी तोंडात दोन बोटे घातली, आपली कवळी काढली आणि टेबलाच्या मधोमध, त्या शेऱ्याच्या शेजारी, रुमालावर ठेवून दिली.

व्यापारी खुर्चीसकट मागे सरकला. परक्या माणसासमोर गुरूंचे दात असे मांडलेले पाहून शिष्याला कुठे तोंड लपवावे ते कळेना.

"याची वर्गवारी कर," गुरुजी म्हणाले. अर्ध्या बोळक्या तोंडातून शब्द नुसते फुसफुसत येत होते. ते ऐकायला शिष्याला अगदी जवळ जावे लागले.

"गुरुजी, हे दात आहेत."

"नीट बघ. कडेला चांगली जाड पोलादी तार आहे. धातूची वस्तू म्हणून लिही."

"असं कसं? तार कवळीला तुमच्या उरलेल्या दातांशी धरून ठेवायला आहे."

"म्हणजे चावायचं काम तिचं नाही?"

"नाही."

"मग तराजू आण. तार जड भरली तर काय लिहिशील?"

शिष्याचा हात तराजूकडे गेला आणि वाटेतच थांबला. "जड भरली, तरी ते दातच," तो हळूच म्हणाला.

गुरुजींनी कवळी धुऊन परत बसवली आणि मगच ते स्वस्थपणे बोलू लागले. "बाबा रे, किरकोळ काय ते वजनावरून ठरत नसतं, कामावरून ठरतं. वस्तू कशासाठी घडवली, हे आधी विचारावं. माझे दात चावण्यासाठी आहेत, तार त्यांना जागेवर ठेवते. हा ठोकळा वीज अडवण्यासाठी आहे, नट त्याला जागेवर ठेवतो. वीज त्या नटाला शिवतसुद्धा नाही. तुला धातू दिसला आणि तू तिथेच थांबलास. थांबू नये. मनातल्या मनात तो धातू काढून बघावा आणि कोणतं काम बंद पडतं ते पाहावं. आता चहा सांगा. दात बसवलेच आहेत, तर सोबत खारीही सांगा."

शिष्य ओशाळला, पण कामाला चुकला नाही. उरलेले खोके त्याने एकेक करून तपासले. एका लहान खोक्यातले ठोकळे बाहेरून तसेच काळे होते, मात्र कापून पाहिले तर पितळ या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार गेलेले. तो नमुना त्याने व्यापाऱ्याच्या हातात दिला. "यातलं पितळ काढलं, तर काय बंद पडेल?"

व्यापाऱ्याला सहज काहीतरी ठोकून देता आले असते. कचेरीत कोणीही असा ठोकळा मोटारीत कधी बसवला नव्हता. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "वीजच बंद पडेल साहेब. हे टर्मिनल आहे. तार इकडून येते, तिकडून निघते. हे या नावाखाली यायलाच नको होतं. सगळं एकत्र मागवलं आणि एकत्रच लिहिलं, माझ्या ध्यानातच आलं नाही. याचा कर वेगळा लागेल, तो मी भरतो."

तासाभरापूर्वी हेच ऐकले असते तर शिष्य आनंदाने उडाला असता. लबाडीचा शेरा सही व्हायचा बाकी समोरच पडला होता. त्याने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी चहात खारी बुडवण्यात गढले होते, त्यांच्याकडून काही मिळण्याची आशा नव्हती. मग शिष्याने त्या माणसाकडे पाहिले, सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिले. याच्यातून ही चूक काढली तर काय बंद पडेल? काहीच नाही. आणि आत्ता बोलला तो खरेपणा काढला तर? मग याच्यात याचे असे काय उरेल, ते त्याला सांगता येईना.

त्याने तो कागद फाडला आणि नवा लिहिला. ठोकळे रोधक जोडभागांत, एक खोका टर्मिनलांत, कर त्याप्रमाणे. खाली आणखी एक ओळ घातली, 'ही चूक आयातदाराने स्वतः दाखवून दिली.'

व्यापाऱ्याने कागद वाचला. शेवटची ओळ त्याने पुन्हा वाचली, आणि त्याचे डोळे भरून आले. "साहेब, हे एवढं लिहायची काही गरज नव्हती."

"होती," शिष्य म्हणाला. "मघाशी वर्गवारी चुकली होती. मालाची नव्हे, तुमची."