हौसाची हजेरी

फार वर्षांपूर्वी, घाटात डांबर पडायच्या आधी, दिवाळी सरली की बोरटेक गावात माणसं राहायची नाहीत. सगळी घाटाखालच्या वीटभट्ट्यांवर जायची, सोबत पोरंही जायची. मोठ्यांनी विटा थापायच्या, पोरांनी वाहायच्या. शाळेत उरायचे मास्तर आणि फळा, आणि त्या दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नसे.

तेव्हा शहरातल्या एका बालहक्क संस्थेनं गावात एक बाई पाठवली, शेवंताबाई. आईबाप भट्टीवर गेले तरी पोरांनी गावात राहून शिकावं, म्हणून तिनं एका पडवीत वसतिगृह काढायचं होतं. संस्थेनं तिला वीस ताटल्या, एक पातेलं आणि एक कापडी फलक दिला. फलक पडवीपेक्षा लांब निघाला. ‘हक्क’ हा शब्द शेजारच्या गोठ्यावर गेला, त्यामुळे ते हक्क म्हशींचे आहेत असा बरेच दिवस गावाचा समज होता.

त्या वर्षी एकोणीस पोरं राहिली. विसावी हौसा, नऊ वर्षांची. तिची आई सोना म्हणाली, “बाई, हिला ठेवली तर माझं तान्हं कोण घेईल? तुम्ही येता का भट्टीवर?”

हौसा गेली. विसावी ताटली उपडी राहिली.

शेवंताबाई रोज सकाळी टेकावर उभी राहून हजेरी घ्यायची. शेवटचं नाव हौसाचं. ते घाटाकडे तोंड करून पुकारायची आणि थांबायची.

“अहो बाई, भट्टी तीस कोसांवर,” पाटील म्हणाले. “तिथनं तिचं ‘हजर’ ऐकू येतंय होय?”

“तिला माझं ऐकू गेलं म्हणजे झालं. तुम्ही आपली तंबाखू मळा.”

असं म्हणतात, की त्या वेळी भट्टीवर हौसाच्या डोक्यावरच्या विटा हलक्या व्हायच्या.

पावसाच्या तोंडाला सगळे परतले. हौसा परतली नाही. भट्टीच्या मालकानं तिला आपलं लेकरू सांभाळायला ठेवून घेतली होती, कुठल्या घरी ते सोनाला ठाऊक नव्हतं. सोनानं टेकावर येऊन ते बाईला सांगितलं. त्याच आठवड्यात संस्थेचं पत्र आलं, की इतके महिने गैरहजर असलेलं नाव पटावरून कमी करावं. पत्र नियमाला धरून होतं, सही-शिक्क्यासकट. शेवंताबाईनं ते वाचलं, त्यावर गरम पातेलं ठेवलं, पट काखेत मारला आणि सोनाला घेऊन घाट उतरली.

असं म्हणतात, की वाटेतल्या प्रत्येक भट्टीवर ती हाक मारायची, “हौसा!” आणि प्रत्येक भट्टीवर धुरातून उत्तर यायचं, “हजर, बाई!” सोना धावत जाऊन बघायची, तर दुसरीच पोर. एकदा तर पोरगा.

“अरे, तू कुठला हौसा?” बाईनं विचारलं.

“हाक मारली ना तुम्ही? मग तेच नाव असू द्या.”

त्या पोरांना नाव घेऊन कोणी बोलावलंच नव्हतं. ‘ए पोरा’, ‘ए काळे’ एवढ्यावर त्यांचं भागत होतं. बाई खाली बसायची, प्रत्येकाला खरं नाव विचारायची आणि पटावर लिहायची. पट चाळीस पानांचा, पण असं म्हणतात, की त्याची पानं संपेनात.

शेवटी मालकाच्या दारात उभं राहून तिनं तो पट पहिल्यापासून पुकारला. एकेका नावाला एकेका भट्टीवरची पोरं विटा खाली ठेवून येत गेली आणि अंगणात उभी राहिली. अंगण भरलं, रस्ता भरला. मग तिनं हौसाचं नाव घेतलं, आणि मालकानं स्वतःच्या हातानं दार उघडलं.

सोना लेकीला कुशीत घेऊन घाट चढली. बाई मागे राहिली. “तुम्ही व्हा पुढं,” ती म्हणाली. “ह्यांची हजेरी रोज कोण घेणार?”

ती परत आली नाही. संस्थेनं आपल्या अहवालात तिला गैरहजर दाखवलं. बोरटेकनं नाही.

आजही दिवाळीनंतर, गाव भट्टीवर निघायच्या आधी वसतिगृह उघडतं, तेव्हा पहिली हजेरी टेकावर होते आणि शेवटचं नाव शेवंताबाईचं असतं. हौसा म्हातारी होऊन काठीवर आली, तरी ते नाव तीच पुकारायची आणि घाटाकडे कान लावून उभी राहायची. आता तिची नात पुकारते. घाटात हल्ली ट्रकांचा इतका आवाज असतो, की शेजारच्याचं बोललेलं कळत नाही. तरी सगळं गाव गप्प उभं राहतं. उत्तर येत नाही. मग खाली पडवीत येऊन पोरं एक उपडी ताटली सुलटी करतात, आणि आधी तिच्यात वाढतात.