उघडीवाल्याचा विसावा

फार पूर्वी, खाडी जिथे कमरेत वाकून गावाला वळसा घालते, तिथे एक गाव होतं. गावात एक देऊळ होतं, त्याच्या मागे केळीच्या वाड्या, आणि वाड्यांच्या पलीकडे गोड्या पाण्याचं एक तळं. पावसाळा येईपर्यंत माणसांनी, गुरांनी, केळींनी त्या एका तळ्यावरच जगायचं. वाड्या-तळं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध होता आणि बांधाला दगडी तोंड होतं. त्याला गाव उघडी म्हणे.

उघडीचं काम ऐकायला सोपं. ओहोटीला फळ्या काढायच्या, म्हणजे वाड्यांत साचलेलं पाणी खाडीत जातं. भरती चढायला लागली की दगडाच्या खाचांत फळ्या एकावर एक सोडायच्या आणि दोन्ही बाजूंना बाभळीची पाचर ठोकून त्या घट्ट करायच्या. चुकलं तर खारं पाणी आत आणि मग गावाने हात चोळत बसायचं.

हे काम चाळीस वर्षं एकच माणूस करत होता. त्याचं नाव बस्त्याव. भरतीला रविवार कळत नाही आणि सणही कळत नाही, म्हणून बस्त्यावला देवळात कधी धड बसायला मिळालं नाही. त्यातही गुड फ्रायडे तर हटकून हुकायचा, कारण तो येतो पुनवेच्या आसपास आणि पुनवेला खाडीला उधाण येतं. गाव मात्र कृतज्ञ होतं. दर गुड फ्रायडेला पहिल्या बाकाची कडेची जागा लोक रिकामी ठेवत. कोणी पोर तिथे टेकलं तर म्हातारी माणसं डोळे वटारत, "ऊठ, ती उघडीवाल्याची जागा आहे."

बस्त्यावचा उजवा खांदा दुखू लागला, गुडघा कुरकुरू लागला, तेव्हा गावाने ठरवलं की आता पुरे. नाताळ झाल्यावर काम त्याच्या भाच्याकडे, दुमिंगकडे द्यायचं. दुमिंग मेहनती होता, शब्दाला पक्का होता. फादर स्वतः बस्त्यावच्या घरी आले.

"बाबा, आता विसावा घ्या. देवसुद्धा सातव्या दिवशी विसावला."

"देवाला उघडी नव्हती, फादर," बस्त्याव म्हणाला.

फादर हसले. बस्त्यावची बायको मोनकाबाय मात्र हसली नाही. ती नवऱ्याला ओळखून होती. जित्याची खोड!

आणि खोड कसली, ते ऐका. बस्त्यावने भाच्याला फळ्या दाखवल्या, पाचरी दाखवल्या, हातोडा हातात दिला. एकच गोष्ट सांगितली नाही. डाव्या अंगाचा दगड आतून झिजला होता. त्या बाजूची पाचर सरळ ठोकली तर बसल्यासारखी वाटते, पण बसत नाही. ती गावाच्या अंगाने जराशी तिरकी धरावी लागते, आणि आवाज पोकळ 'खट' असा यायचा थांबून भरीव 'ठक' असा येईपर्यंत मारावी लागते. चाळीस वर्षांत बस्त्यावच्या कानाला हे कळलं होतं आणि ते त्याने कानातच ठेवलं.

का ठेवलं? आधी म्हणाला, उद्या सांगू. मग म्हणाला, पोरगं आपणहून शिकेल. खरं सांगायचं तर त्याला ते सांगायचंच नव्हतं. दुमिंग फळ्या लावून घरी पेज प्यायला गेला की बस्त्याव काठी घेऊन 'जरा फिरून येतो' म्हणत निघायचा. बांधावर कोणी नाही असं बघून डाव्या पाचरीला तिरके तीन ठोके द्यायचा आणि साळसूदपणे परत यायचा. रात्रीच्या भरतीलाही उठायचा. मोनकाबायने विचारलं तर म्हणायचा, खोकला येतो, वारा घेऊन आलो. आपल्यावाचून गाव बुडेल ही चिंता म्हाताऱ्याला गुळासारखी गोड लागत होती.

तीन महिने असे गेले. दुमिंग परत येऊन बघायचा तर उघडी कोरडीठाक. लोक म्हणत, "मामाचा हात भाच्याला आला!" बस्त्याव मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, आलाय कुठे?

मग गुड फ्रायडे आला. पुनव कालच होऊन गेली होती. उधाण मोठं होतं.

मोनकाबाय त्या दिवशी सकाळपासून नवऱ्याच्या पाठीस लागली होती. "चाळीस वर्षं ती जागा रिकामी राहिली. आज तुम्ही तिथे बसायचं. काठी घेऊन फिरायला जायचं नाव काढायचं नाही. फादरांना शब्द दिलाय मी."

बस्त्यावला डावी पाचर आठवली. पण काय सांगणार? देवळाच्या पायऱ्यांवर दुमिंग भेटला. फळ्या लावून तो मुद्दाम मामाला बघायला आला होता.

"मामा, उघडी लावली. आता परत जाऊन तिथेच बसतो. तुम्ही आज डोळे मिटून निवांत बसा."

बस्त्यावच्या अगदी जिभेवर आलं होतं. दुमिंग, डावी पाचर तिरकी धर. एवढेच तर शब्द. पण ते बोलायचं म्हणजे तीन महिन्यांची चोरीही बोलायची, तीही मोनकाबायसमोर, सगळ्या गावासमोर.

"बरं बरं," तो म्हणाला. "जा तू."

दुमिंग बांधाकडे गेला आणि बस्त्याव आयुष्यात पहिल्यांदा आपल्या जागेवर बसला. मागच्या बाकावरून कोणीतरी प्रेमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याला नकोसा झाला.

क्रुसाची वाट सुरू झाली. भिंतीवर प्रभूच्या दुःखाची चौदा चित्रं, एकेका चित्रापाशी थांबून प्रार्थना करायची. या दिवशी देवळात घंटा वाजवत नाहीत. घंटेऐवजी लाकडाची खटखटी वाजवतात. फादर पहिल्या चित्रापाशी थांबले आणि खटखटी वाजली.

खट. खट. खट.

बस्त्याव दचकला. न बसलेल्या पाचरीचा आवाज अगदी असाच असतो.

दुसरं चित्र. खट, खट, खट. त्याने खिडकीतून पाहिलं. माडाची सावली बुंध्याकडे आखडत आली होती. आता पाणी तिसऱ्या फळीला लागलं असेल. तिसऱ्या चित्रापाशी प्रभू पहिल्यांदा पडला. चौथ्यापाशी त्याला आई भेटली. लोक गुडघ्यांवर होते, बायका डोळे पुसत होत्या. बस्त्यावच्या कपाळावर घाम होता आणि त्याला प्रार्थनेतला एक शब्द आठवत नव्हता. एखाद्या वेळेला काही होत नाही, तो मनाला सांगत होता. होतं, मन सांगत होतं. उधाणाला होतं.

फादर पाचव्या चित्रापाशी आले. तिथे शिमोन नावाचा वाटसरू प्रभूचा क्रूस खांद्यावर घेतो.

फादर म्हणाले, "बघा, प्रभूसुद्धा थकला. आणि थकल्यावर त्याने आपला भार दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर जाऊ दिला."

खट. खट. खट.

बस्त्याव उठला. बाक करकरला, लोकांनी माना वळवल्या. तो मधल्या वाटेने लंगडत, धडपडत बाहेर पडला आणि त्याच्या मागे पदर खोचून मोनकाबाय.

बांधावर दुमिंग घामाने निथळत होता. उघडीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यातून पाणी हाताएवढ्या जाडीने आत फुटत होतं. दुमिंग पाचरीवर घाव घालत होता, सरळ, जीव खाऊन. खट. खट. खट.

"मामा, कळत नाही काय झालंय! रोज कोरडी असते हो!"

"सर बाजूला!" बस्त्यावने हातोडा हिसकावला. "तुझं काम नव्हे ते."

पहिला घाव बसला. दुसऱ्याला खांद्यातून कळ निघाली, हात हलला आणि हातोडा पाचरीच्या काठावर आदळला. पाचर उभी चिरली, उसळली आणि पाण्यात पडली. खालची फळी थरथरली. पाणी आता मांडीएवढ्या जाडीने येऊ लागलं. ते उघडीला लागून असलेल्या बस्त्यावच्याच केळीच्या वाडीत शिरलं आणि वाडीतून तळ्याच्या दिशेने पसरायला लागलं.

बस्त्यावने तळ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं जे होऊ दिलं नाही, ते त्याच्या हाताने होत होतं.

"माझ्याकडे दुसरी पाचर आहे," दुमिंग म्हणाला. "मागच्या आठवड्यात तासून ठेवली होती." त्याने ती आणली आणि हातोड्यासाठी हात पुढे केला.

बस्त्यावची मूठ सुटेना.

"द्या तो!" मोनकाबाय ओरडली. तिला धाप लागली होती. "प्रभूने शिमोनाला क्रूस दिला तेव्हा मागून ओढून धरला नव्हता!"

मूठ सुटली. बस्त्याव मटकन दगडावर बसला.

"दुमिंग, उघडी तुझ्या ठोक्यांनी कोरडी नव्हती रे. तू गेल्यावर रोज मी येऊन ठोकत होतो. डाव्या अंगाचं वळण मी तुला सांगितलंच नाही."

दुमिंगचा चेहरा उतरला. "म्हणजे तीन महिने लोक माझं कौतुक करत होते आणि तुम्ही ऐकत होता?"

"ऐकत होतो."

दुमिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला खूप बोलायचं होतं. पण खाडी थांबत नाही. त्याने पाचर खाचेत धरली.

"आता तरी सांगा."

"सरळ नको. गावाच्या अंगाने तिरकी. अजून जरा. हां. मार आणि कान दे."

खट.

"नाही."

खट.

"नाही. आणखी तिरकी." बस्त्यावचे हात आपोआप पुढे गेले.

मोनकाबायने नुसतं पाहिलं. म्हाताऱ्याने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि शिक्षा झालेल्या पोरासारखा बसून राहिला. पाणी वाडीची शेवटची रांग ओलांडून तळ्याच्या काठाला लागलं होतं. काठ आता पाण्याच्या वीतभरच वर होता.

खट.

"नाही रे बाळा, अजून नाही."

खट. मग एक घाव, आणि आवाज बदलला.

ठक.

तळाचं पाणी बारीक झालं, ठिबकलं, थांबलं. दुमिंगने आणखी एकदा मारून पाहिलं. ठक. मग त्याने हातोडा बांधावर ठेवला आणि खाडीकडे तोंड केलं. मामाकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

तळं वाचलं. बस्त्यावची वाडी मात्र गेली. दुसऱ्या दिवसापासूनच केळीची पानं कडेने करपू लागली. लोक हळहळले तेव्हा बस्त्यावने काही लपवलं नाही. शनिवारी देवळासमोर उभं राहून त्याने सगळं सांगितलं. लाज वाटली, पण बोलून झाल्यावर छातीवरचा दगड उतरला. मग तो दुमिंगच्या दारी गेला. दुमिंगने त्याला आत घेतलं आणि पाट दिला. मग म्हणाला, "मामा, अजून काही राहिलंय का सांगायचं?" बस्त्याव संध्याकाळपर्यंत सांगत बसला. कुठली फळी कधी फुगते, वारा कुठून आला की भरती लवकर चढते, सगळं.

रविवारी ईस्टर होता. बस्त्याव आपल्या जागेवर बसला. तीन दिवस मुकी राहिलेली घंटा दणदणली, लोक गाऊ लागले. गाणं संपून देऊळ क्षणभर शांत झालं, तेव्हा वाड्यांच्या पलीकडून वाऱ्यावर आवाज आला.

खट. खट. ठक.

बस्त्यावने ऐकला. तो उठला नाही. त्याने खिडकीतून पाहिलंसुद्धा नाही. त्याची मान हळूहळू मोनकाबायच्या खांद्यावर कलली आणि फादरांचा उपदेश ऐन भरात असताना पहिल्या बाकावरून घोरण्याचा आवाज यायला लागला.

मोनकाबाय त्याला कोपराने ढोसणार, एवढ्यात फादरांनी हाताने खूण केली.

"असू द्या," ते म्हणाले. "चाळीस वर्षांची झोप आहे ती." आणि ते जरा हळू आवाजात पुढे बोलू लागले.

तात्पर्य : हातोडा देऊन आवाज मागे ठेवणाऱ्याला विसावा मिळत नाही, ज्याने काम पुरतं सोपवलं, त्याचाच डोळा लागतो.