झालेल्या कामांची होडी

खाडीवर सकाळी इतकं धुकं उतरे, की राणीसाहेबांसाठी किनाऱ्यावर बांधल्या जाणाऱ्या दोन होड्या ढगात तरंगल्यासारख्या वाटत. कारभारी त्रिंबकराव रोज येऊन दोन्ही टोळ्यांना एकच विचारत, "किती कामं उरकली?"

पहिली टोळी सांगे, शीड रंगवलं, वल्ही कोरली, पुढच्या टोकाला, नाळेवर, मोर बसवला. दुसऱ्या टोळीची मुकादम चांगुणा म्हणे, "अजून बुडाच्या फटीच बुजवतोय."

शेवटी राणीसाहेबांसमोर कारभारी कडाडले, "चांगुणा, तुझं एकही काम पुरं नाही. उद्यापासून तुझ्या माणसांना सुट्टी! या पहिल्या टोळीचं बघ. फटी बुजवायच्या तेवढ्या राहिल्यात, बाकी सगळं झालंय."

धुक्यात न्हालेल्या त्या देखण्या होडीकडे चांगुणा क्षणभर हरखून पाहत राहिली. मग हात जोडून म्हणाली, "खरंय, कारभारीसाहेब. राहिलंय ते राहू द्या. झालेल्या कामांत बसून तेवढं पलीकडे जाऊन या."

कारभाऱ्यांनी होडीत डोकावलं. फटींतून खालची वाळू दिसत होती. त्यांचा पाय उचलेना.

राणीसाहेब गालात हसल्या. "चांगुणा, तुझं सावकाश चालू दे. मला पलीकडे पोचायचंय."