आवडी गुरवीण आणि उरलेली सुपारी

कातळवेळ गावाला अजून गाडीवाटसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. ऐका, आणि मध्ये बोलू नका, माझा हिशेब चुकतो.

गावदेवीच्या बागेतली सुपारी वर्षातून एकदा वाटायची. देवीची सुपारी मिळाली तो गावचा, नाही मिळाली त्याने वेस ओलांडायची. ढिगात सुपाऱ्या मोजून पंचवीसशे वीस, गावातल्या सगळ्या वाड्यांत सारख्या वाटायच्या. का? अहो, जुनी माणसं हुशार! या आकड्याला दोनापासून दहापर्यंत कशानेही भागा, बाकी शून्य. वाड्या कधी भांडून फुटायच्या, कधी सोयरीक करून एक व्हायच्या, पण वाटणीला तंटा म्हणून नाही.

मोजायचं काम आवडी गुरविणीचं. एकटा जीव. तिची एक सुपारी ढिगाबाहेर, तिच्या हातात द्यायचे.

त्या वर्षी यसू नावाची बाई आली, कडेवर लेकरू. नवरा समुद्राने नेलेला, सासरच्यांनी हाकललेली. खोताच्या पाया पडली, "मला इथं राहू द्या, खोतबाबा."

खोत हसला. "वाड्यांना देऊन उरली तर घे की! आमच्यात कधी उरत नाही."

मेल्याला हसवलं तरी कसं! असं म्हणतात, की आवडीने डोळे मिटले आणि मुठीतली आपली सुपारी हळूच ढिगात सोडली. म्हणजे आता गावाबाहेरची तीच.

वाड्या होत्या आठ. वाटून झालं, एक उरली.

"मोजायला चुकलीस गं आवडे!" खोत ओरडला. "सुतारवाडी नि माळीवाडी एक धरा." सात झाल्या. एक उरली. मग त्या सुट्या केल्या, कोळीवाडीचे दोन भाग केले. नऊ झाल्या, तरी एक उरली. दहा करून पाहिल्या, सहा करून पाहिल्या. खोत घामाघूम झाला, पण ती एक काही हलेना. असं म्हणतात, की देवळातली घंटा कुणी न हलवता वाजली. खोताच्या डोक्यात तरी नक्की वाजली असेल.

"घे बाई," तो म्हणाला, "देवीलाच तू हवीस."

यसूने सुपारी घेतली आणि पाहते तर आवडी आपलं बोचकं बांधतेय.

"तू कुठं निघालीस, बाय?"

"माझी सुपारी तुझ्या हातात आहे गं. जाते मी."

यसूला रडू फुटलं. देवळाच्या पायरीवर बसून तिने दगडाने सुपारी फोडली आणि अर्धी आवडीच्या हातात दिली.

"अर्ध्या सुपारीवर कुणी गावचं होतं का?" खोत म्हणाला.

"मग आम्हा दोघींना मिळून एक धरा," यसू म्हणाली.

खोताने आवडीचं बोचकं स्वतःच्या हाताने सोडलं.

आजही कातळवेळेत ढिगात पंचवीसशे एकवीस सुपाऱ्या मोजतात. उरते ती आवडीची. गावात नवं कुणी आलं, की जुन्यातलं एक माणूस उठतं, ती फोडून दोघं अर्धी अर्धी खातात, आणि त्या दिवसापासून त्या दोघांची चूल एक धरतात.