पलीकडच्या काठाचं समीकरण

“...आणि पलीकडच्या काठावर?” तिच्या मार्गदर्शक परचुरेबाईंनी विचारलं.

“पलीकडे काय, बाई? वायू बाहेर पडतो.”

निहारिकाच्या आवाजात शंकेला जागाच नव्हती. असणार कशी? धुरातला कार्बन डायऑक्साइड तेवढा वेगळा काढणारा द्रवाचा पातळ पडदा तिने तयार केला होता. त्या द्रवात तिने स्वतः घडवलेला रेणू होता. कार्बन डायऑक्साइड आत शिरला की हा वाहक रेणू त्याला पकडणार आणि पडद्यापार नेणार. नायट्रोजन अलीकडेच राहणार. इतक्या घट्ट पकडीचा वाहक संस्थेत आजवर कुणाला जमला नव्हता. तिच्या गणिती मॉडेलचा आलेखही सरळ वर चढत होता. पकड जितकी घट्ट, तितका वायू जास्त!

प्रयोगशाळेतला पडदा मात्र दुपारीच थंडावला होता. वायू आत जात होता, बाहेर येत नव्हता. आणि सोमवारी समितीपुढे उभं राहायचं होतं.

“मीटर बिघडलंय,” निहारिका म्हणाली. “मॉडेल चुकणं शक्य नाही.”

“असं?”

“समीकरणातलं एकेक पद मी स्वतः तपासलंय, बाई.”

बाई खुर्चीतून उठल्या.

“शाब्बास! आण हात.”

निहारिकाने ऐटीत हात पुढे केला. बाईंनी तो घट्ट धरला.

“जा आता. मीटर बदलून घे.”

“हो, बाई.”

...

“अगं, जा ना.”

“बाई... हात...”

बाईंची पकड तशीच.

निहारिकाने हात ओढून पाहिला. हसली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं.

“पलीकडे पोचल्यावर वाहक सगळा वायू सोडून देतो, असं मी गृहीत धरलंय,” ती पुटपुटली. “तो सोडेल का... हे पाहिलंच नाही.”

बाईंनी हात सोडला.

निहारिकाने ते गृहीतक काढून टाकलं. नवा आलेख वर चढला आणि पुन्हा खाली उतरला. तिचा लाडका रेणू उताराच्या पार तळाशी होता. मीटरचा आकडाही नेमका तिथेच. जिवाला लागलंच ते. तरी रविवारी तिने आपल्या हाताने तो द्रव ओतून दिला आणि जरा सैल पकडीचा वाहक घेतला. संध्याकाळ झाली तरी वायू येतच राहिला, मॉडेलने सांगितला होता तेवढाच.

सोमवारी ती समितीपुढून आली ती ताठ मानेने.

“एकही चूक सापडली नाही त्यांना!”

“मलाही नाही सापडली,” बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान लपत नव्हता.

“पण बाई, तुम्हाला तर त्या दिवशीच कळलं होतं. मग सरळ सांगितलं का नाही?”

बाईंनी चष्मा काढून पुसला.

“सांगितलं असतं, तर तू तेच धरून बसली असतीस.”