कौतिका भोईण आणि पोटुशी मरळ

एकदा काय झालं, सोनवती नदीच्या काठी धवल नावाचा राजा राज्य करत होता. मनाने चांगला, पण जिभेचे चोचले फार. त्याला गाबोळी आवडायची. गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, बरं का. ती नेऊन दिली की राजाच्या मुदपाकखान्यातून सूपभर तांदूळ मिळत. मग भोई लोक काय करणार? आषाढ-श्रावणात मासोळ्या पोटुशा असतात, नेमकी तेव्हाच ते जाळी टाकू लागले. एक आई गेली की तिची हजार पिल्लं गेली. दहा वर्षांत नदी ओस पडली.

मग राजा घाबरला. त्याने दवंडी पिटवली, आषाढ-श्रावणात जो मासे मारील त्याला फटके. लोकांनी फटके खाल्ले आणि मासे मारले. पोट का थांबतं फटक्यांनी? मग राजाने काठावर शिपाई बसवले. तर ते शिपाईच मासे भाजून खाऊ लागले. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय! आणि राजाच्या ताटातली गाबोळी? ती चालूच होती. हसू नका. मोठ्यांचं असंच असतं.

त्या गावात कौतिका नावाची भोईण होती. नवरा वारलेला, तीन लेकरं, घरात दाणा नाही. आषाढातल्या एके सकाळी तिच्या जाळ्यात मोठी मरळ आली. आणि मरळ माणसासारखी बोलली, "बाई, या नदीत मी शेवटची. पुढचे सगळे मासे माझ्या पोटात आहेत."

कौतिकाने मरळ पाण्याच्या घागरीत घातली आणि थेट दरबारात गेली. घागर राजापुढे ठेवून म्हणाली, "महाराज, हिला मारलं तर हिची पोरं मरतात. सोडलं तर माझी मरतात. कुणाची मरू द्यायची, तेवढं सांगा."

राजाला फार लाज वाटली. मग तो म्हणाला, "कुणाचीच नाही. आजपासून माझ्या ताटात गाबोळी येणार नाही. आषाढ-श्रावणात जो जाळं टांगून ठेवील, त्याच्या घरी माझ्या कोठारातून तांदूळ जाईल."

राजे बोलतात आणि विसरतात, हे लोकांना ठाऊक होतं. कौतिकालाही ठाऊक होतं. तरी तिने मरळ नदीत सोडली, जाळं आढ्याला टांगलं आणि दाराशी वाट बघत बसली. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. लेकरांना तिने नुसतं पाणी पाजून निजवलं. शेजारी म्हणाले, वेडी आहेस, जा, जाळं टाक. ती उठली नाही, पण रडली मात्र खूप.

तिसऱ्या दिवशी दाराशी राजा आला, पायी, पाठीवर तांदळाचं पोतं घेऊन. कोठारी म्हणत होता, असा रिवाज नाही, म्हणून तो कोठार उघडेना. हे कळल्यावर राजा स्वतःच निघाला होता. पोतं ओट्यावर उतरवून म्हणाला, "बाई, उशीर झाला. माझं चुकलं."

त्या दिवशी कौतिकाच्या घरी भात शिजला. तो वास गल्लीभर गेला. मग एकेका भोयाने आपणहून जाळं टांगलं. फटका नाही, शिपाई नाही.

दोन वर्षांत सोनवती माशांनी भरली. दोन्ही आयांची लेकरं जगली, बाळांनो. तुमचीही पोटं भरली आहेत आता. मिटा डोळे.